उसना आवाज

सोलापूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. भीमास अक्काचा आशीर्वाद.

मी बरी आहे, तुझी श्री बरी आहे, शेळीला दोन करडं झाली. तू बरा असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेलीच नाहीस. फोन विहिरीत टाकणारा माणूस सबंध सांगोला तालुक्यात तू एकटाच असशील. बागवाल्याच्या फोनवर लावता आला असता. पण तू रात्रभर डाळिंबं राखणार आणि दिवसा झोपणार, आणि त्यानं तो वाजता फोन तसाच तुझ्या उशाशी आणून धरला तर, म्हणून नाही लावला. राजशेखर डाळिंबाची गाडी घेऊन इकडं मार्केट यार्डात येतो, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. भीमा झोपला असला तर पत्र उशाशी ठेव आणि निघ, उठवू नको, असं त्याला बजावलं आहे. तो म्हणाला, "अक्का, एवडं काय जपायचं? गडी हाय की कोंबडीचं पिल्लू?" मी म्हटलं, सांगितलं तेवढं कर.

बाकी तुझं मला हसू येतं. आपल्या आज्याला लोक चोर म्हणून शेताच्या बांधावर उभं करत नव्हते, आणि पारधी राखणीला असला की बागेला कुणी हात लावत नाही म्हणून तुला आता बोलावून पगार देतात. आज्यानं हे बघायला पाहिजे होतं.

श्री सहावीत गेली. माझ्या खांद्याला लागते. गणित तुझ्यासारखं, म्हणजे दिव्य. वेणी स्वतः घालते, पण एक बाजू नेहमी सैल राहते. तुझ्याबद्दल रोज विचारते असं मी लिहिणार नाही. आधी रोज विचारायची, आता कधीतरी विचारते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येते. मी दवाखान्याची नर्सगिरी सोडून एका कामात आहे, हे तुला कुणीतरी सांगितलं असेल, आणि सांगताना नाक मुरडलं असेल. आपल्या वस्तीचं रक्त तपासायचं काम आहे. दानेश्वरी मॅडम म्हणून आहेत, शुक्रवार पेठेतल्या, घरचं कापडाचं दुकान. आईशी फोनवर कानडी बोलतात आणि आमच्याशी मराठी. कोवळी माणसं अचानक जातात अशा घरांचा त्या शोध घेतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा पंचांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. सोमलिंगमामा म्हणाले, "आमच्या आज्याला तारंच्या कुंपणात ठिवून धाई बोटांचं ठसं घेतलं हुतं. आता रगत घ्यायला आलाय व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल तसं घेऊ. नको म्हणालात तर घेणार नाही."

"मग आदी तुमचं काडा की. आमाला बगू द्या."

त्यांनी बाही वर केली आणि मलाच सुई धरायला लावली. माझ्याकडून शीर चुकली, दोनदा टोचावं लागलं, पण बाईंनी हात मागं घेतला नाही. तिथून बोलणं सुरू झालं. मग वस्तीनं एकेक अट घातली. आमचं रक्त आम्हाला विचारल्याशिवाय सोलापूरबाहेर जायचं नाही. निघेल ते आधी इथं चावडीवर सांगायचं, मग जगाला. आणि जिथं छापाल तिथं पारधी हे नाव घालायचं नाही. मामा म्हणाले, "जल्मानं चोर म्हणून एकदा लिवलं. आता जल्मानं आजारी म्हणून लिवतील. त्ये न्हाय चालायचं." मॅडमनी सगळं मान्य केलं. माझीही एक अट होती, ती शेवटी सांगते.

त्यानंतर मॅडमनी मोठ्या कागदावर आपलं कूळ काढलं. बाईला गोल, बाप्याला चौकोन, गेलेल्यावर काट. प्रत्येक गेलेल्याजवळ कशानं गेला ते लिहायचं. आणि आपली माणसं काय सांगणार, तुला माहीतच आहे. आज्याचा भाऊ, साप. मावशी, साप. मावशीचा थोरला, साप. आई, साप. कागद भरत आला तसं मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वच्छलाताई, एकाच घरात इतके साप? आणि सगळे झोपेतून उठतानाच चावले?"

मला हसू आलं. तू असतास तर तुलाही आलं असतं. मग मी त्यांना सांगितलं की आमच्यात कोवळं माणूस अंगावर ओरखडा नसताना मेलं की पोलीस आधी वस्तीतल्याच कुणालातरी उचलून नेतात. साप म्हटलं की आलेला शिपाईसुद्धा पायाखाली बघत परत जातो. म्हणून तीन पिढ्या आपण साप सांगतो. इतका सांगितला की आता आपल्यातल्या निम्म्यांना तो खराच वाटतो.

आणि हसता हसता आईचंही सांगून टाकलं. तू अंगावर पीत होतास, तुला आठवायचं नाही. पहाटे वस्तीवर धाड आली आणि कुणीतरी आपल्या दाराच्या पत्र्यावर काठी आपटली. आई ताडकन उठून बसली आणि बसल्या जागी कलंडली. तू तिच्या मांडीवरून खाली घसरलास, मी तुला उचललं. काठीवाला आत आला, बघून बाहेर गेला. दिवस वर आल्यावर वस्तीनं साप ठरवला.

मग तुझ्या थोरलीचा, अंकीचा गोल आला. तिच्याजवळही सापच लिहिलेला होता. मी मॅडमच्या हातातून पेन घेतलं आणि तो खोडला.

भीमा, म्हातारी माणसं काय म्हणतात ते आपण दोघांनी लहानपणापासून ऐकलं आहे. गेलेलं माणूस पहाटे उंबऱ्याशी येतं, त्याला स्वतःचा आवाज नसतो, म्हणून घरातल्या जित्याचा आवाज उसना घेतं आणि झोपलेल्याला हाक मारतं. हाक ऐकून जो उठतो तो त्याच्यामागं जातो. म्हणून आपल्या कुळात झोपलेल्याला हाक मारत नाहीत, पायाचा अंगठा धरून उठवतात. अंकी गेली तेव्हा सगळे म्हणाले, गेलेल्या आईनं लेकाचा आवाज उसना घेतला आणि नात नेली. तुला कुणी वस्तीतून जा म्हटलं नव्हतं. तू आपणहून उठलास आणि गेलास. जाताना श्रीकडं बघितलंस, पण तिचं नाव घेतलं नाहीस. ती दारातच उभी होती.

आता मॅडमचं ऐक. हे भूत नाही. काळजाचे ठोके चालवणारी वीज आपल्या अंगात असते, तिच्यातच जन्मापासून खोट आहे. जनुक म्हणतात, ते आईबापाकडून पोरात उतरतं. आईकडून आपल्याकडं आलं आणि पुढं अंकीकडं गेलं. ते ठोके कधीतरी चुकतात आणि माणूस जातं. तुझ्या हाकेचा त्यात काही संबंध नाही. हे वाक्य नीट वाच. पुन्हा लिहिते, तुझ्या हाकेचा काही संबंध नाही. तू उगाच पावणेदोन वर्षं तोंड शिवून बसला आहेस.

आता माझी अट. लहान पोराचं रक्त त्याच्या आईबापासमोरच काढायचं, त्यांनी सही केल्याशिवाय सुई लावायची नाही, असं मी म्हटलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. तीच आता माझ्या अंगाशी आली आहे. श्रीच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तिच्यात डॉक्टरांना शंका आहे. पक्कं काय ते रक्तानंच कळेल आणि गोळी सुरू करायची की नाही ते त्यावर ठरेल. तिची आई तर काविळीनं कधीच गेली. राहिलास तू. मी अक्का असले, आत्या असले, तरी माझी सही चालत नाही, आणि मॅडमना गळ घालून बघितली तर त्या म्हणाल्या, "ताई, ही अट तुमची आहे, मी मोडणार नाही."

म्हणून ये. रागानं ये, रुसून ये, सही कर आणि वाटल्यास तोंडही न दाखवता परत जा. पण ये.

मला एक गोळी सुरू झाली आहे, सकाळ-संध्याकाळची. बीपीची असेल. वय झालं आता.

तुझी,
वच्छलाअक्का


सोलापूर,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

भीमा,

हे पत्र हातात पडेल तिथंच उभा राहून वाच. जेवत असशील तर ताट बाजूला कर.

राजशेखर आत्ता येऊन गेला. अजून खाली गाडीपाशीच आहे, मी त्याला थांबवून ठेवलं आहे. त्यानं तुझा निरोप सांगितला. म्हणाला, "अक्का, तुमचा भाऊ लई दिसानं बोलला. हसला सुदिक. म्हनला, आता माजा आवाज माजा हाय. गुरवारी तुज्या गाडीतनं पहाटं येतो, पोरीला निजू दे, मी दारातनंच हाक मारून उटवतो. लई दिस झालं तिला हाक मारून."

राजशेखर हे सांगताना खूष होता. माझ्या हातातलं भांडं सुटलं.

हाक मारू नकोस. बाकी सगळं खाली लिहिते, पण राजशेखर घाई करतो आहे, म्हणून आधी हे. श्री झोपली असताना हाक मारू नकोस. कडी वाजवू नकोस, हॉर्न वाजवू देऊ नकोस.

मी तुला मागच्या पत्रात अर्धंच सांगितलं. रक्तातली खोट खरी आहे, आईकडून आली हे खरं आहे, जनुक खरं आहे. हाकेचा संबंध नाही हे मी माझ्या मनचं घातलं. मॅडमनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं ते वेगळं होतं. या खोटीच्या माणसाचं काळीज अचानक आलेल्या आवाजानं थांबू शकतं. फोन, घड्याळाचा गजर, घंटा, हाक. झोपेत किंवा नुकती जाग येताना तर फार धोका. आपल्या म्हाताऱ्यांना अंगठा धरायचं कुठून सुचलं, असं मॅडमनीच उलट आम्हाला विचारलं. सोमलिंगमामा खाली बघत एवढंच म्हणाले, "म्हंजे हाकंनंच जात हुते आमचे."

सगळ्या वस्तीला हे माहीत आहे. एकट्या तुला नाही. वस्तीत आता फोन मुके करून ठेवतात. देवीपुढची घंटासुद्धा मामांनी फडक्यानं बांधली आहे.

गड्ड्याच्या जत्रेचं आठवतं? शोभेचं दारूकाम बघायला अंकीला खांद्यावर घेऊन गेलास आणि पहिलाच मोठा बार झाला तशी ती तुझ्या डोक्यावरच लुळी पडली. आपण म्हटलं, सकाळपासून काही खाल्लं नाही पोरीनं. उसाचा रस पाजला, ती हसायला लागली, आपण पाळण्यात बसलो. मॅडमनी विचारलं, आधी कधी काही झालं होतं का, तेव्हा मला तो रसाचा पेला आठवला.

म्हणून आता सरळ लिहिते. अंकी हाकेनं गेली. हाक तुझी होती. आवाज उसना नव्हता.

हे लिहून मी उठले आणि शेळीला पाला टाकून आले. राजशेखरला म्हटलं, अजून थोडा थांब.

भीमा, मला वाटलं होतं की आवाजाचं लपवलं तर तू घरी येशील. एवढंच डोक्यात होतं. तू येऊन पहिली हाकच मारशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात यायला पाहिजे होतं. पावणेदोन वर्षं न बोललेला बाप दुसरं काय करणार?

आता दुसरी गोष्ट ऐक, हीही खरी आहे. अंकीला अंगठा धरलेला आवडायचा नाही. गुदगुल्या होतात म्हणायची, बाबा तुम्ही हाकच मारा म्हणायची, आणि तू मारायचास. रोज मारायचास आणि ती रोज उठायची, डोळे चोळत, तुझ्यावर चिडत. त्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता, तू गाडी पुसून अंगणात उभा होतास आणि रोज मारायचास तशीच हाक मारलीस. बापानं लेकीला परीक्षेला उठवलं, एवढंच तू केलंस. ते इतकं वाईट होईल हे कुणाला ठाऊक होतं? म्हाताऱ्यांना नुसतं नको एवढं ठाऊक होतं, का नको ते नाही. तुला दोष देणारा एकही माणूस चावडीवर नव्हता. मी सगळ्यांची तोंडं बघत होते.

तरी तुला वाईट वाटणार. वाटू दे. आधी निदान गेलेल्या आईवर ढकलता येत होतं, तेही मी आता काढून घेतलं. कोणतं ओझं बरं असतं मला समजत नाही. मला फक्त एवढं समजतं की खोट्या सुटकेनं तू हाक मारायला श्रीच्या दारात उभा राहिला असतास.

माझी गोळी बीपीची नाही. माझ्या रक्तात तेच निघालं. म्हणजे आईकडून मला आलं, तुलाही आलं, आणि अंकीला तुझ्यातूनच गेलं. तुझं रक्त काढतील तेव्हा दिसेलच. तोवर बागवाल्याला सांग की मला लांबून हाका मारून उठवायचं नाही. लाजू नकोस. अंगठा धर म्हणावं.

आणखी एक आहे, ते मी मॅडमना सांगितलेलं नाही. त्या चांगल्या आहेत, ऐकून घेतील, पण त्यांच्या कागदात त्याला जागा नाही. मला पहाटे तुझी हाक ऐकू येते. अंगणातून, गाडी उभी असायची तिथून. "अंके", एवढंच. मी डोळे मिटून पडून राहते आणि छातीवर हात ठेवून ठोके मोजते. जनुक काय ते मला आता पाठ झालं आहे, मी दुसऱ्यांना समजावून सांगते, तरी ती हाक येते. मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या आठवड्यात चहा पिताना श्री म्हणाली, "आत्या, पहाटं दीदीला कोन हाक मारतंय?"

मी विचारलं, कुणाचा आवाज वाटतो?

ती म्हणाली, "वळकीचा न्हाय. बाबांचा कसा हुता? मला आठवंना झालाय."

ती रडली नाही. पाव बुडवून खात होती. बापाचा आवाज आठवत नाही हे एवढ्या सहज सांगणारी ती पोर, आणि तिच्या कानात पहाटे तोच आवाज, दुसरीच्या नावानं. भीमा, मला भीती वाटते ती याची. भूत असो नाहीतर नसो, या घरात तुझा आवाज फक्त मेलेल्या पोरीला बोलावतो आणि जितीला कधीच नाही.

म्हणून मी तुला येऊ नको म्हणत नाही. ये. गुरुवारीच ये. कसं यायचं ते सांगते, तसंच ये.

गाडी वस्तीच्या अलीकडं, लिंबाखाली थांबवायची. तिथून तू एकटा चालत ये. मी आधीच श्रीला अंगठा धरून उठवलेलं असेल. तिचं तोंड धुईन, चहा देईन, वेणीची सैल बाजू घट्ट करीन आणि तिला दारात रस्त्याकडं तोंड करून बसवीन. तिनं तुला लांबून येताना बघितलं पाहिजे. शेळीच्या गोठ्यापाशी आलास की थांब. तिनं हात हलवला म्हणजे ती पुरती जागी आहे असं समज. मग जवळ ये, अगदी पायरीपर्यंत.

आणि मग तिला हाक मार. हळू मार, पण मार. मॅडमना आत्ताच फोनवर विचारून लिहिते आहे, पोर जागी असताना, बापाकडं बघत असताना, हळू घेतलेल्या नावानं काही होत नाही. कदाचित तुझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. तर उभा राहा, घाई नाही, आम्ही थांबू. मी तिच्यामागं तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेली असेन, आणि मॅडम सुई आणि कागद घेऊन आत असतील. सही नंतर.

आधी तिचं नाव घे. या घराला ते तुझ्या आवाजात ऐकू दे.

राजशेखर आता खरंच निघाला.

तुझ्या हाकेला जागी असलेली,
अक्का